‘मोदक’ फॉन्ट पहिल्यांदा वापरताना: जाड अक्षरांतल्या फटी जपा

उकडीचे मोदक वळताना बोटं सारखी तेलपाण्यात बुडवावी लागतात. पीठ बोटांना चिकटू नये आणि एक कळी दुसरीला लागून बुजू नये, यासाठी ही धडपड असते. कळ्या बुजल्या की सारण कितीही उत्तम असो, ताटात दिसतो तो तांदळाच्या पिठाचा गोळा.

मोदक नावाचा एक देवनागरी फॉन्ट आहे आणि त्याचं सगळं मर्म या कळ्यांतच आहे. गुबगुबीत, फुगीर, पाहताच हसू आणणारी ही अक्षरं वाचता येतात ती त्यांच्यातल्या बारीक फटींमुळे. शाळेचं स्नेहसंमेलन, सोसायटीचा गणेशोत्सव, बालवाचनालयाचा फलक, घरच्या बारशाचं आमंत्रण अशा कामांसाठी हा फॉन्ट पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांना सुरुवातीपासून छपाईपर्यंत काय काय सांभाळावं लागतं, ते इथे सांगते आहे.

फॉन्ट आधी ओळखून घ्या

मोदक हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचा फॉन्ट. त्यातली देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी यांनी आणि रोमन अक्षरं मैथिली शिंगरे यांनी घडवली. ही अक्षरं आधी हाताने रेखाटली गेली आणि नंतर संगणकावर आली. म्हणूनच ती पट्टी-कंपासाने आखल्यासारखी दिसत नाहीत, दाबून वळल्यासारखी दिसतात.

साध्या फॉन्टमध्ये ‘व’च्या पोटात ऐसपैस पांढरी जागा असते. मोदकमध्ये तेच पोट भरून येतं आणि आत उरते फक्त एक चीर. काना आणि अक्षर यांच्यामध्ये, उकार आणि अक्षराच्या पायामध्ये, जोडाक्षराच्या दोन भागांमध्येही अशाच चिरा असतात. आपला डोळा अक्षर ओळखतो तो त्या चिरांच्या आकारावरून. या फॉन्टमध्ये काळ्यापेक्षा पांढऱ्याकडे जास्त लक्ष द्यायचं, एवढं मनात ठेवलंत तर पुढचे निर्णय सोपे होतात.

मोदकला वजन एकच आहे. बारीक, मध्यम, ठळक असे प्रकार त्यात नाहीत. हा मथळ्याचा फॉन्ट आहे, परिच्छेद लिहिण्याचा नाही.

उतरवून घेणं आणि बसवणं

गूगल फॉन्ट्सवर हा मोफत मिळतो. झिप फाइल उतरवून आधी उलगडा. विंडोजमध्ये आतल्या टीटीएफ फाइलवर, म्हणजे प्रत्यक्ष फॉन्टच्या फाइलवर, उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल’ निवडा, मॅकवर फाइलवर दोनदा क्लिक केलं की फॉन्ट बुक उघडतं. त्या वेळी जे सॉफ्टवेअर उघडं असेल ते बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर यादीत फॉन्ट सापडत नाही म्हणून उगाच शोधत बसाल.

झिपमधली परवान्याची फाइल फेकून देऊ नका. मोदक ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. त्यामुळे दुकानाची पाटी, पुस्तकाचं मुखपृष्ठ, विकायचे टी-शर्ट अशा व्यावसायिक कामातही तो पैसे न भरता वापरता येतो. फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकता येत नाही. छापखान्याने किंवा ग्राहकाने हक्कांबद्दल विचारलं तर ही परवान्याची फाइलच तुमचं उत्तर आहे.

डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावण्याचं काम, करणाऱ्यांची एक अडचण इथेच सांगून टाकते. युनिकोड ही संगणकावर अक्षरं साठवण्याची सगळीकडे चालणारी पद्धत, आणि मोदक तिच्यावरच चालतो. मजकूर श्रीलिपीसारख्या प्रणालीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर नुसता फॉन्ट बदलून मोदक लागणार नाही, पडद्यावर अर्थहीन चिन्हं उमटतील. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग एकेक ओळ वाचून तपासा. अशा बदलात रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडच्या तिकडे होतात.

शब्द निवडा, मग रचना करा

नवखा माणूस आधी रंग आणि चित्रं लावतो आणि मथळा शेवटी बसवतो. मोदकच्या बाबतीत क्रम उलटा ठेवा. कोऱ्या पानावर फक्त तुमचा शब्द टाइप करा आणि पाहा.

‘गंमत’, ‘खाऊ’, ‘बालजत्रा’, ‘धमाल’ असे दोन-चार अक्षरांचे, मोकळे शब्द या फॉन्टमध्ये खुलतात. ‘राष्ट्रीय’, ‘उत्कृष्ट’, ‘मार्गदर्शन’ असे शब्द जड होतात, कारण एकेका जोडाक्षरात दोन-तीन आकार दाटीने बसतात आणि फटी आणखी चिंचोळ्या होतात. मथळा ‘विद्यार्थी स्नेहसंमेलन’ असेल तर सगळाच मोदकमध्ये घेण्याचा हट्ट नको. ‘आमचं संमेलन’ असं करता येत असेल तर उत्तम. नाहीतर एक मोठा शब्द मोदकमध्ये आणि बाकीचे साध्या फॉन्टमध्ये घ्या. शब्दच बदलायला लावणारा फॉन्ट म्हणजे अतिरेक, असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. पाटी रंगवणारे पेंटरसुद्धा भिंतीची लांबी पाहून मजकूर आखडता घ्यायला सांगतातच.

पुढे मराठीची परीक्षा घ्या. कोणताही नवा देवनागरी फॉन्ट हाती आला की मी हे शब्द टाइप करून पाहते: वाऱ्यावर, कुऱ्हाड, शाळा, श्रावण, ॲप, ज्ञान, क्षण, ट्रक, शुद्ध, रूप, हृदय. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य हा मराठीचा खास. तो साध्या ‘र’ने टाइप केलात तर ‘य’वर रफार चढतो आणि शब्द ‘वार्यावर’ असा उमटतो. त्यासाठी नुक्त्याचा ऱ लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘र’ची कळ, मग हलन्त, मग ‘य’. मोठ्या मथळ्यात ही चूक फार लांबून दिसते.

‘ल’ आणि ‘श’ कसे येतात तेही पाहा. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. काही फॉन्टमध्ये हिंदीचं आणि मराठीचं अशी दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमली की आपलं वळण आपोआप येतं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये भाषा हिंदी राहिलेली नाही ना, याकडे एकदा लक्ष द्या.

जोडाक्षरं फुटून दिसत असतील, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल, तर बहुधा दोष फॉन्टचा नसून सॉफ्टवेअरच्या मांडणीचा असतो. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावं लागतं. त्याहून जुन्या आवृत्तीत तिथेच ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असा पर्याय सापडतो. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ लागतो. इंकस्केप (चित्रं आखण्याचं मोफत सॉफ्टवेअर) आणि लिबरऑफिसमध्ये वेगळं काही करावं लागत नाही. व्हिडिओच्या एखाद्या सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जमत नसेल तर मथळा इंकस्केपमध्ये करा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढा आणि ती चित्र म्हणून व्हिडिओत बसवा.

आकार अंदाजाने नको, फट मोजा

आता या फॉन्टचं सगळ्यात महत्त्वाचं काम. मथळा किती मोठा घ्यायचा? पानावर बरा दिसेल तेवढा, हे उत्तर इथे चालत नाही. पडद्यावर आपण मोठं करून पाहतो, त्यामुळे तिथे सगळ्याच फटी मोकळ्या भासतात.

बालवाचनालयाच्या उन्हाळी शिबिरासाठी मी एकदा कापडी पिशव्यांवर मोदकमध्ये मथळा घेतला होता. पडद्यावर तो इतका गोड दिसत होता की नमुना न पाहताच शंभर पिशव्या छापायला सांगितल्या. पिशव्या आल्या तेव्हा ‘पुस्तक’मधल्या ‘पु’चा उकार आणि ‘स्त’ एकमेकांत मिसळून गेले होते. छापणाऱ्याची त्यात काहीच चूक नव्हती. जाड्याभरड्या सुती कापडावर शाई थोडी पसरणारच, आणि माझी फट त्या पसरण्यापेक्षा अरुंद होती. मुलांनी पिशव्या आनंदाने घेतल्या, पण मला अजून त्या पाहवत नाहीत.

तेव्हापासून मी फट मोजते. रीत सोपी आहे. मथळा १०० पॉइंटमध्ये टाइप करा. त्याची एक प्रत काढून ती कर्व्हमध्ये बदला, म्हणजे टाइप केलेली अक्षरं नुसत्या आखलेल्या आकृत्या होतात: कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी. मग शब्दातली सगळ्यात अरुंद फट शोधा. ती बहुधा उकाराजवळ किंवा जोडाक्षरात सापडते. त्या फटीत मावेल असा छोटा चौकोन काढा आणि त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये वाचा.

पुढचा हिशोब त्रैराशिकाचा. समजा १०० पॉइंटला फट अर्धा मिलिमीटर भरली आणि तुम्हाला निदान एक मिलिमीटर हवी आहे, तर मथळा २०० पॉइंटचा घ्यावा लागेल. पानावर तेवढी जागा नसेल तर शब्द लहान करा, किंवा या कामाला मोदक नको असं ठरवा.

किती फट पुरे, हे छापण्याच्या पद्धतीवर आहे. माझे स्वतःचे आडाखे असे: गुळगुळीत कागदावरच्या ऑफसेट छपाईला पाव मिलिमीटर चालून जाते. घरच्या प्रिंटरवर किंवा झेरॉक्सला निदान अर्धा हवा, कारण प्रतीची प्रत काढली की फटी भरत जातात. कापडावरच्या स्क्रीन प्रिंटिंगला एक मिलिमीटरच्या खाली मी जात नाही. भरतकामाच्या यंत्राला दोन, कारण धागा स्वतःच जाड असतो. तुमच्या छापणाऱ्याला त्याचा आकडा विचारा. जो रोज छापतो त्याचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा खरा.

फलक लांबून वाचायचा असेल तर पाट्या करणाऱ्यांचा जुना हिशोब धरा: दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. रस्त्याच्या पलीकडून, चाळीस फुटांवरून वाचायला चार इंच. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरायची, वरच्या मात्रा आणि खालचे उकार त्यात मोजायचे नाहीत. मोदकसाठी मी या हिशोबाची दीडपट करते, कारण लांबून पाहताना डोळ्याला फटी आधी दिसेनाशा होतात.

मोबाइलसाठी वेगळी परीक्षा आहे. व्हिडिओचं मुखचित्र १२८० बाय ७२० पिक्सेलचं केलंत तरी यादीत ते नखाएवढं दिसतं. तयार झालेलं चित्र स्वतःच्याच मोबाइलवर पाठवा, यादीत दिसेल तेवढ्या आकारात पाहा आणि हात लांब करून वाचा.

या गोष्टींना हात लावू नका

ठळक करण्याचं ‘बी’ बटण दाबू नका. मोदकला ठळक वजन नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर अक्षराची कड सगळीकडून फुगवतं आणि फटी बुजतात. तिरपं करण्याचं बटणही तसंच, त्याने गोलाईचा तोल जातो.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमनमध्ये अक्षरं विरळ करणं शोभून दिसतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि काना, मात्रा अक्षरापासून दूर पडतात. मोदकमध्ये तर अक्षरं एकमेकांना टेकून बसली की रूप खुलतं. मथळा विरळ हवा असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवा.

आडवं किंवा उभं ताणू नका. जागा भरण्यासाठी मथळा रुंदीने ताणला की उभ्या फटी रुंद होतात, आडव्या तेवढ्याच राहतात, आणि हाताने रेखाटलेलं अक्षर रबरी दिसायला लागतं.

दोन ओळींचा मथळा असेल तर ओळींमधलं अंतर मात्र हाताने ठरवा. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली मात्रा समोरासमोर आल्या की भिडतात. ‘फुलू दे / गाणी’ अशा दोन ओळींत ‘लू’चा उकार खालच्या ‘णी’च्या वेलांटीवर येतो का ते पाहायचं. येत असेल तर सगळं अंतर वाढवण्याऐवजी खालची ओळ थोडी डावी-उजवीकडे सरकवा. दोन ओळी एकमेकींच्या खाचेत बसल्या तर मथळा एकजीव दिसतो. मला तरी या फॉन्टमधलं हे सगळ्यात आनंदाचं काम वाटतं, आणि त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

रंग, किनार आणि सावली

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजेड-अंधाराचा फरक ठेवा. गडद जांभळ्यावर पिवळं, पांढऱ्यावर शेंदरी, हिरव्यावर मलई रंग चालतो. लाल पार्श्वभूमीवर निळं अक्षर रंगीत दिसतं, पण फटी हरवतात, कारण दोन्ही रंग सारखेच गडद असतात. पटकन तपासायचं असेल तर चित्र कृष्णधवल करून पाहा.

फोटोवर थेट मथळा टाकला तर फटींतून फोटोतले निरनिराळे रंग डोकावतात आणि अक्षर ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. मथळ्यामागे एकरंगी पट्टा किंवा गोल ठेवा.

किनार द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. किनार अक्षराच्या कडेवर मध्यभागी बसते, म्हणजे तिची अर्धी जाडी अक्षर खाते आणि अर्धी फट खाते. त्यापेक्षा मथळ्याच्या दोन प्रती करा. खालच्या प्रतीला जाड किनार, वरच्या प्रतीला काहीच नाही. खालची किनार फटींतूनही दिसेल, म्हणजे फटींचा रंग आता किनारीचा रंग झाला. म्हणून किनार नेहमी अक्षराच्या विरुद्ध उजेडाची घ्या. पिवळं अक्षर आणि गडद तपकिरी किनार घेतलीत तर फटी तपकिरी होऊन अक्षर आणखी स्पष्ट वाचता येतं. पांढऱ्या अक्षराला पिवळी किनार दिलीत तर उरतो तो फिकट ढग.

सावलीलाही हाच नियम. पसरट, धूसर सावली फटींत राख साचल्यासारखी दिसते. द्यायचीच तर एकाच दिशेला सरकवलेली, कडक कडेची द्या, जुन्या पाट्यांवर पेंटर देत तशी.

सोबतीला साधा फॉन्ट

तारीख, वेळ, पत्ता, संपर्क हे मोदकमध्ये लिहू नका. त्यासाठी एक टाइपचाच ‘मुक्त’ घ्या. तो शांत आहे आणि अगदी बारीकपासून जाडपर्यंत सात वजनांत मिळतो. थोडा खेळकरपणा खालच्या मजकुरातही हवा असेल तर ‘बलू २’ घ्या. त्याची टोकं गोल आहेत, वजनं पाच आहेत, आणि लहान आकारातही तो वाचता येतो. मोदकच्या शेजारी ‘कलम’सारखा हस्ताक्षरी फॉन्ट ठेवू नये असं माझं मत आहे. दोघंही बोलायला उत्सुक, ऐकणारं कोणीच नाही.

मथळ्यात रोमन शब्दही असेल, जसं परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या पत्रकांवर मुलांसाठी असतो, तर मोदकचीच रोमन अक्षरं वापरा. एकाच पॉइंटमध्ये दोन्ही लिप्या डोळ्याला सारख्या दिसतीलच असं नाही. शेजारी ठेवून रोमन थोडी लहान-मोठी करा आणि आकड्यापेक्षा नजरेवर विश्वास ठेवा.

छापायला देताना

छापखान्यात फॉन्ट असेलच असं धरू नका. ‘कर्व्ह करून द्या’ असं ते सांगतातच. कर्व्ह केलेली फाइल पीडीएफमध्ये द्या, पण मूळ टाइप केलेली फाइल स्वतःकडे वेगळ्या नावाने ठेवा. कर्व्ह झालेल्या मथळ्यातला ऱ्हस्व-दीर्घ नंतर सुधारता येत नाही.

व्हिनाइल कापून पाटी करायची असेल तर एक जादा पायरी आहे. देवनागरी अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. पडद्यावर ते कळत नाही, कापणारं यंत्र मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि शिरोरेषेत चिरा पाडतं. कर्व्ह केल्यानंतर सगळी अक्षरं निवडून कोरलमध्ये ‘वेल्ड’ किंवा इंकस्केपमध्ये ‘युनियन’ करा, म्हणजे शब्द एकसंध होतो. अक्षराचा आतला रंग काढून नुसती बाह्यरेषा दाखवायची असेल तेव्हाही हेच करावं लागतं.

रांगोळीचा किंवा भिंतीवर रंग मारायचा साचा कापणार असाल तर बंद पोटाचे तुकडे गळून पडतील, त्यांना जोडणारे बारीक पूल आधी काढून घ्या.

कुठे हा फॉन्ट नको

श्रद्धांजली, आरोग्याची सूचना, परीक्षेचं वेळापत्रक, वीज किंवा पाणी बंद असल्याची पाटी, यांना मोदक लावू नका. वाचणाऱ्याला तिथे मजकूर हवा असतो, लाड नको असतात. मुलांच्या पुस्तकातही मुखपृष्ठावर आणि गोष्टीच्या नावापुरताच ठेवा. जे मूल नुकतंच अक्षरं जोडून वाचायला लागलं आहे, त्याला आतल्या मजकुरात उघड्या पोटाची अक्षरं द्यायला हवीत.

शेवटची पायरी प्रूफची. ठरलेल्या कागदावर किंवा कापडावर, खऱ्या आकारात एक नमुना काढून घ्या. तो भिंतीवर लावा आणि दुसरी-तिसरीतल्या एखाद्या मुलाला दारातूनच मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला मथळा पाठ झालेला असतो, त्याला नसतो. ते ज्या अक्षराशी अडखळेल, तिथली फट पुन्हा मोजा.